तहानेचं नाव

"आधी विचार, शकू. मग ओत."

मृदुलाला शकू म्हणणाऱ्या, तिच्या गुरू द्वारकाबाई कार्तिकात गेल्या. आता चैत्र सुरू झाला होता. तरी सकाळी तांब्या हातात घेतला की हा आवाज मृदुलाच्या कानाशी यायचाच. बारीक, किंचित घोगरा आणि शेवटच्या शब्दाला थोडी घाई करणारा. तुळशीवर धरलेला तिचा हात मग जागच्या जागी थांबायचा.

तुळशीला पाणी घातल्याशिवाय आपण पाण्याचा थेंब घ्यायचा नाही, हा तिचा नेम. सासूबाईंनी हाती दिलेला, आणि तिनं आवडीनं पुढे चालवलेला. परगावी गेली तरी तो मोडायचा नाही. दिसेल त्या रोपाला ओंजळभर पाणी घालायचं आणि मग आपला पेला उचलायचा. एकदा पॅरिसजवळच्या एका हॉटेलात तिनं डोळे मिटून, मनोभावे, दाराशी ठेवलेल्या कुंडीला पाणी घातलं. कुंडीतलं झाड प्लास्टिकचं निघालं. ओल्या गालिच्याकडे बघत द्वारकाबाई पोट धरून हसल्या होत्या. "म्हणून सांगते, आधी विचारावं!"

विचारायचं कसं, तेही बाईंनीच शिकवलेलं. तुळशीच्या खोडाला तहान मोजणारी, कपड्याच्या चिमट्याएवढी एक कर्णिका लावलेली होती. मृदुलानं तिच्या बारक्या काचेत पाहिलं. आकडा शून्य. म्हणजे तुळस रात्रभरात तृप्त झाली होती. नेम तर पाळायचा, पण मुळंही कुजवायची नाहीत. यावर तिनं आपल्यापुरता तोडगा काढला होता. पळीभर पाणी तुळशीला, उरलेला तांब्या कठड्यावरच्या पाखरांच्या परळात. तिनं तसंच केलं, हात जोडले, मग स्वतः पाणी प्यायली.

तुळशीला कर्णिका लावलेली सासूबाईंनी पाहिली असती तर काय म्हणाल्या असत्या, असं तिच्या मनात येई. बहुतेक म्हणाल्या असत्या, "बरं झालं. मुकी होती बिचारी."

*

झाडं मुकी नसतात, हे तसं बऱ्याच जणांना ठाऊक होतं. मुळापासून पानापर्यंत पाणी चढतं ते खोडातल्या केसाहून बारीक नळ्यांमधून, अखंड तारेसारखं. वरून पानं ती तार ओढत असतात. माती ओली असली तर खालून पुरवठा होतो आणि तार सैल राहते. माती सुकली की ताण वाढतो, वाढतो, आणि एका क्षणी तार तुटते. तिथे हवेचा बुडबुडा शिरतो आणि टिक असा आवाज होतो. माणसाच्या कानाला तो ऐकू येत नाही इतकाच काय तो त्याचा दोष.

पण वाऱ्यानं फांदी घासली तरी आवाज होतो, भुंगेऱ्यानं साल पोखरली तरी होतो. त्या गलबल्यातून नेमका तहानेचा आवाज वेगळा काढणं, आणि अंजीर असो की आंबा, साऱ्यांना एकच मोजपट्टी लागू करणं, ही द्वारकाबाईंची कामगिरी. पुरंदर तालुक्यातल्या दिवे गावी, माहेरच्या अंजिराच्या बागेत त्यांनी एका झाडाला कान लावून सुरुवात केली होती. पुढे प्रयोगशाळा आली, यंत्रं आली, हाताखाली मृदुलासारख्या विद्यार्थिनी आल्या.

आणि मग जग बदललं. गाजावाजा न होता, पाणी मुरावं तसं. कालव्याचं पाणी पूर्वी पाळीनं सुटायचं. ज्याची पाळी त्याला पाणी, मग बाग तहानलेली असो की तुंबलेली. आता कालव्याची दारं कर्णिकांचं ऐकून उघडत होती. कुणाचं शेत, कुणाचं गाव, हे दार विचारत नव्हतं. तहान विचारत होतं. बाजारात बायका सहज बोलून जायच्या, "आमची अंजिरं काल दोन मात्रांवर गेलती बाई, पाणी आलं म्हणून वाचली."

मात्रा हे आपलं इथलं कामचलाऊ नाव. तिथेच सगळी अडचण होती. प्रत्येक देशाची मात्रा वेगळी. परदेशी कर्णिकेवरचे दोन म्हणजे आपले पाच. नाशिककडच्या एका द्राक्षबागेत अशा परक्या यंत्राचा आकडा घरचा समजून वाचला गेला आणि अख्खी बाग वाळून गेली. तेव्हा वजनमापांच्या जागतिक परिषदेनं मनावर घेतलं. तहानेचं एकच एकक हवं, आणि त्याला घोटाळा न होणारं स्वतंत्र नाव हवं.

भारताच्या बाजूनं प्रस्ताव लिहायचं काम मृदुलाकडे आलं. मोजमापाच्या शास्त्रात तिचं आयुष्य गेलेलं. नाव कुणाचं द्यायचं याबद्दल तिच्या मनात शंकाच नव्हती. न्यूटन, पास्कल, ज्यूल, हर्ट्झ, बेक्वेरल अशी ती मोठी रांग, आणि त्या अधिकृत रांगेत एकही बाई नाही. 'क्यूरी' हे माप होतं खरं, पण ते बाईंचं की त्यांच्या यजमानांचं यावर वाद, आणि शेवटी तेही मागे पडलं.

दवाखान्यात तिनं हे बाईंच्या कानावर घातलं होतं. बाई उशीला टेकून म्हणाल्या, "जिवंत माणसाचं नाव देत नाहीत म्हणे एककाला. शिरस्ता आहे. म्हणजे आता मलाच घाई केली पाहिजे."

"बाई, असं नका ना बोलू."

"बरं, नाही बोलत. पण ऐक. एककाचं नाव इंग्रजीत लिहिताना पहिलं अक्षर लहान काढतात, ठाऊक आहे ना? न्यूटन माणूस असला की मोठं अक्षर, माप असलं की लहान. मला ते फार आवडतं. नाव रोजच्या वापरात झिजून लहान झालं, की समजावं, उपयोगी पडलं." मग थोडा श्वास घेऊन त्यांनी तिचा हात धरला. "नावाचं होईल तेव्हा होईल. माझं एक काम मात्र करशील? अक्षय्यतृतीयेला त्या अंजिराला एक कलश पाणी. दरवर्षी मी घालते. एक उन्हाळाभर त्याला मुद्दाम तहानेलं ठेवलं होतं ग मी, मोजण्यासाठी. त्यानं काही तक्रार केली नाही. म्हणजे केली, तीच तर आपण मोजली!"

"घालीन, बाई. वचन."

"आणि आधी..."

"विचारीन."

*

परिषदेचं उत्तर आलं तेव्हा मृदुलाचे यजमान विश्वासराव चहा घेत होते. वीज मंडळातून निवृत्त झालेले, बोलायला मोकळे.

"काय म्हणतायत तुझे वजनकाटेवाले?"

"नावाबद्दलच आहे."

"आम्ही वीजवाले तर आयुष्यभर गेलेल्या माणसांचीच नावं घेत आलो. सकाळी कामावर गेलं की व्होल्ट, अँपिअर, ओहम, वॅट. बारा महिने पितृपक्ष!"

एरवी ती हसली असती. आज ती पुन्हा पुन्हा तेच पत्र वाचत होती. मग तिनं ते मोठ्यानं वाचून दाखवलं, मराठी करून. झेंडे आणि कुंजीर या दोन्ही संशोधिकांच्या कार्याबद्दल परिषदेला अत्यंत आदर आहे. झेंडे यांनी तहानेचा आवाज प्रथम ओळखला, कुंजीर यांनी तो मोजण्याची पद्धत दिली. परंतु एककाला एकाच व्यक्तीचं नाव देता येतं. तरी दोघींपैकी कोणाचं, हे त्यांच्या वारसांच्या संमतीसह सोमवारपर्यंत कळवावं. अन्यथा नामकरणाचा विषय पुढच्या परिषदेकडे जाईल.

विश्वासरावांना आधी हसू फुटलं. चहा सांडला. मग बायकोच्या चेहऱ्याकडे पाहून त्यांनी कप खाली ठेवला.

"दोघी?" ते म्हणाले.

"दोघी." मृदुला म्हणाली. "चूक माझीच हो. दोन्ही घरं दुखवायची नाहीत म्हणून मी प्रस्तावात झेंडे-कुंजीर लिहिलं. मध्ये आडवी रेघ दिली. आपल्याकडे शेंबड्या पोरालाही कळेल, की माहेरचं आणि सासरचं. त्यांच्याकडे अशी रेघ दोन शास्त्रज्ञांच्या मध्ये येते. बाई एकच आहे, हे वेगळं सांगायचं असतं, हे माझ्या डोक्यातच आलं नाही."

"मग कळव की एकच आहे म्हणून."

"ते कळवीनच. पण मग एक नाव कोणतं? इथेच तर घोडं अडलंय. बाईंचे भाऊ बाळासाहेब 'झेंडे'च हवं म्हणून हटून बसलेत, मुलगा समीर 'कुंजीर'च हवं म्हणून. एकमत नसलं तर विषय पुढच्या परिषदेकडे. आणि तिकडे दुसऱ्या देशाचा दुसऱ्याच नावाचा प्रस्ताव तयार आहे. एकदा तो बसला की कायमचा."

विश्वासरावांनी सांडलेला चहा पुसला. "तू दिव्याला जाऊन ये," ते म्हणाले. "फोनवर माणसं भांडतात. समोर बसली की निदान पाणी तरी विचारतात."

*

गुरुवार होता, मृदुलाचा उपास. विजेच्या बसनं ती दिवेघाट चढून वर आली. गावाच्या तोंडाशीच भला मोठा फ्लेक्स झुलत होता. त्यावर द्वारकाबाईंचा कॉलेजातला फोटो आणि खाली लिहिलेलं, 'झेंडे एककाची जन्मभूमी आपलं स्वागत करीत आहे.' द्वारकाबाईंच्या फोटोच्या दुप्पट आकाराचा बाळासाहेबांचा फोटो शेजारी होता.

बागेत मिठ्या बहाराची तोडणी नुकतीच आटपली होती. पाटीत हिरवीजांभळी अंजिरं पानांवर मांडून ठेवलेली. झाडाखाली सतरंजीवर तिघं बसले होते. द्वारकाबाईंचे धाकटे भाऊ बाळासाहेब, पांढऱ्या मिशांचे, आवाजानं बागेला जाग आणणारे. त्यांच्यासमोर बाईंचा मुलगा समीर, वडिलांना गाडीतून घेऊन आलेला. आणि थोडे बाजूला टोपी गुडघ्यावर ठेवून आबा कुंजीर, बाईंचे यजमान. माणूस मुळातच कमी बोलणारा. बाई गेल्यापासून तर बोलणं आणखी आटलेलं.

"या मॅडम," बाळासाहेब म्हणाले. "बरोबर वेळेवर आला. आता तुम्हीच न्याय करा. ताई त्या बांधावरच्या झाडाला कान लावून बसायची तेव्हा कुणाची होती? झेंड्यांची. आमची आई ओरडायची, कार्टी झाडाशी बोलती, हिला कोण करून घेणार म्हणून!"

"करून घेतलं ना मामा, आमच्या आबांनी," समीर म्हणाला. "आणि नुसता कान लावून शोध लागत नसतो. मोजमाप कुणाच्या घरात राहून केलं? नोकरी, मी लहान, आजीचं दुखणं, सगळं सांभाळून. जगानं ओळखलं ते डॉक्टर कुंजीर म्हणून."

"आन झाड कुणाचं?"

"तुमचं."

"माती?"

"तुमचीच. पाणीसुद्धा तुमचंच होतं मामा, म्हणून तर झाड तहानेलं राहिलं!"

बाळासाहेबांच्या मिशा थरथरल्या. तेवढ्यात त्यांच्या पत्नी सुलभामामी शेंगदाण्याचे लाडू आणि ताक घेऊन आल्या. "आधी खा. भांडण काय, नासत नाही. मृदुलाताई, हे उपासाचं आहे, घ्या निवांत."

मृदुलानं आपल्या पिशवीतून पाण्याची बाटली काढली, सवयीनं कडेच्या मोगऱ्याला ओंजळभर पाणी घातलं, मग ताकाचा पेला तोंडाला लावला. आबा ते बघत होते. त्यांच्या डोळ्यांच्या कडेला हसू आलं.

"मावशी, तुम्ही काय तो निकाल द्या," समीर म्हणाला. "आईची लाडकी तुम्हीच होता."

"निकाल द्यायला मी कोण?" मृदुला हळूच म्हणाली. "मी फक्त पत्र वाचून दाखवायला आले आहे."

तिनं ते वाचलं. 'दोन्ही संशोधिका' आलं तेव्हा सुलभामामी पदर तोंडाला लावून खुदकन हसल्या. बाळासाहेब बघतच राहिले.

"म्हंजे? त्यांना दोन बाया वाटल्या?"

"हो."

"आन ही झेंडेबाई वेगळी, कुंजीरबाई वेगळी?"

"हो, बाळासाहेब. आणि सोबत त्यांच्या इतिहासतज्ज्ञाचं एक टिपण आहे." हा भाग तिनं विश्वासरावांनाही वाचून दाखवला नव्हता. इथेही वाचावा की नाही, याचा बसमध्ये विचार करत होती. "त्यात म्हटलंय... द. झेंडे यांचं लेखन एका वर्षी अचानक थांबतं. त्यानंतर त्यांचा कुठेही उल्लेख सापडत नाही. त्यांचं अकाली निधन झालं असावं."

पाटीवर एक माशी घोंगावत होती, सुलभामामींनी ती हातानं वारली.

"कोणतं वर्ष म्हणतात?" बाळासाहेबांचा आवाज एकदम खाली आला होता.

"लग्नाचं, बाळासाहेब."

बाळासाहेबांनी तोंड फिरवलं. समोर बांधावर ते जुनं अंजीर उभं होतं, खोड पिळवटलेलं, एका बाजूची फांदी वठलेली, दुसरी पानांनी भरलेली. "मांडवात म्या तिला उचलून आणलं होतं," ते म्हणाले. "रडत होतो. आई म्हणली, येड्या, ती काय मेली का?"

समीर मान खाली घालून सतरंजीचा दोरा ओढत होता. झेंडे म्हटलं तर आई लग्नानंतर नाही. कुंजीर म्हटलं तर आई लग्नाआधी नाही. दोन घरांनी मिळून एका बाईच्या दोन अर्ध्या बाया केल्या होत्या, आणि त्यातली एक परक्या मुलखातल्या कुणा सज्जनानं मारूनही टाकली होती.

आबांनी गुडघ्यावरची टोपी डोक्यावर घातली. बोलायचं असलं की ते टोपी घालत.

"लग्नानंतरची पूजा होती," ते म्हणाले. "आमच्या अंगणात. समोर ताट, ताटात तांदूळ. नव्या नवरीचं नाव लिहायचं अंगठीनं. आमच्या आत्यानं आधीच ठरवून ठेवलं होतं, मानसी. द्वारका म्हणजे जुनं वाटतंय म्हणली. मला अंगठी दिली. मी हिच्याकडं बघितलं. ही ताटाकडं बघत होती. परीक्षेचा निकाल लावतात ना फळ्यावर, तसं. मी लिहिलं."

"काय लिहिलंत आबा?" समीरनं विचारलं. त्यालाही हे ठाऊक नव्हतं.

"द्वारका. आत्या म्हणली, अरे हे तर तिचंच नाव आहे! मी म्हणलो, मग दुसऱ्याचं कशाला लिहू?"

सुलभामामींनी पदरानं डोळे टिपले आणि त्याच वेळी हसल्याही.

"बायका मला चिडवत होत्या. पोरगा भित्रा आहे म्हणाल्या, आत्तापासूनच बायकोला भितो." आबांनी टोपी सरळ केली. "आडनावाचं मात्र तेव्हा सुचलं न्हाई. ते आपलं आपोआप बदललं. मी तिला विचारलं न्हाई. ती पण बोलली न्हाई. पुढं एकदा म्हणली, सगळ्यांना सांगते आधी विचारा, पण हे कुणी मला विचारलंच नव्हतं बघा. रागानं न्हाई म्हणली, हसत म्हणली. तरी ते माझ्या मनात राहिलं."

मृदुला लाडू हातात धरून तशीच बसली होती. तिच्या स्वतःच्या ताटात विश्वासरावांनी मृदुला लिहिलं होतं. शकुंतला जाधव कॉलेजातून लग्नाला गेली आणि मृदुला होऊन परत आली. नाव तिला आवडलंही होतं, खोटं कशाला बोला. पण परतल्यावर प्रयोगशाळेत पहिल्या दिवशी बाईंनी तिला बाजूला घेतलं होतं. "नवं नाव घरी ठेव, चांगलं आहे. मी तुला शकूच म्हणेन. चालेल ना?" त्यांनी विचारलं होतं. त्या प्रश्नातलं ओझं तिला आज कळलं.

"पण मावशी," समीर म्हणाला, "नुसतं पाळण्यातलं नाव चालतं का एककाला? सगळी आडनावंच असतात ना?"

"बहुतेक सगळी. हेन्री हे नाव वाटतं ते सुद्धा आडनावच." मृदुला सावकाश, एकेक शब्द जुळवत बोलू लागली. "पण केल्विन घे. तापमानाचं एकक. केल्विन त्या गृहस्थांचं जन्माचं नाव नाही आणि घराण्याचंही नाही. ते मूळचे थॉमसन. मोठेपणी त्यांना सरदारकी मिळाली, तेव्हा विद्यापीठाजवळून वाहणाऱ्या नदीचं नाव त्यांनी घेतलं. म्हणजे जगानं एका नदीचं नाव चालवून घेतलं. फॅरडेंचं शेपूट कापून फॅरड केलं, व्होल्टांचं व्होल्ट केलं, तेही चालवून घेतलं. नियम एवढाच, की नाव त्या माणसाचं असावं. आणि आमच्या बाईंचं स्वतःचं म्हणावं असं नाव एकच आहे. उरलेली दोन, एक वडिलांकडून आलेलं, एक आबांकडून."

"नदीचं चालतंय तर मग आमची कऱ्हा काय वाईट?" बाळासाहेब म्हणाले. आवाज अजून जड होता, पण जीभ ठिकाणावर येत होती.

"मामा!"

"थट्टा केली रं." त्यांनी मिशीवरून हात फिरवला आणि बराच वेळ बांधावरच्या झाडाकडे पाहिलं. "दाजी, तुम्ही त्या दिवशी जे लिहिलंत ना, तेच लिहा. माझी ना न्हाई."

समीरनं वडिलांच्या हाताला नुसता हात लावला. तेवढं पुरेसं होतं.

"आता फ्लेक्स बदलावा लागंल," बाळासाहेब पुटपुटले.

"बदला की," सुलभामामी म्हणाल्या. "द्वारकेचं माहेर म्हणून लिहा. आन तुमचा फोटो जरा बारका घ्या."

*

उत्तर लिहिताना मृदुलानं ते विद्वत्तेच्या भाषेत लिहायचं ठरवलं होतं. दोन पानं झाली, तिनं ती खोडली. मग साधंच लिहिलं.

तिनं कळवलं की झेंडे यांचं निधन झालं नव्हतं. त्यांचं लग्न झालं होतं. ज्या बाईंनी आवाज ऐकला त्यांनीच तो मोजला. आमच्याकडे बाईचं आडनाव वाटेत बदलतं, पुष्कळदा पहिलं नावही बदलतं. या बाईंचं पहिलं नाव बदललं नाही, कारण त्यांच्या यजमानांनी ते बदलायला नकार दिला. म्हणून जन्मापासून शेवटपर्यंत त्यांच्याबरोबर राहिलेलं हे एकच नाव आम्ही दोन्ही घरांच्या संमतीनं सुचवतो आहोत. व्याख्याही तिनं पुन्हा स्वच्छ मांडली. पाणी वाहणाऱ्या लाकडाच्या ठरलेल्या जाडीत सेकंदाला सरासरी एक तार तुटली, तर ती एक द्वारका. हर्ट्झही सेकंदालाच मोजतो, पण त्याला ताल लागतो. तहानेला ताल नसतो, म्हणून तिला वेगळं नाव हवं.

पत्र देवापुढे ठेवून तिनं नमस्कार केला आणि मग पाठवलं. एरवी ती अशा गोष्टी देवापुढे ठेवत नसे. देवाला शास्त्रातलं सगळं आधीच ठाऊक असतं, त्याला कशाला त्रास, असं तिचं मत. पण हे शास्त्रापुरतं नव्हतं.

परिषदेचं मतदान झालं ते अक्षय्यतृतीयेच्या आदल्या दिवशी. संध्याकाळी दिवा लावताना निरोप आला. ठराव मंजूर झाला होता. तिकडच्या अध्यक्षबाईंनी खाली स्वतःची एक ओळ लिहिली होती, की मीही लग्नाआधी वेगळ्या नावानं लिहीत असे, आणि ती मुलगी अजून जिवंत आहे, हे वाचून मला बरं वाटलं.

विश्वासरावांनी ती ओळ दोनदा वाचली. रात्री जेवताना ते जरा चाचरतच म्हणाले, "अगं, तुला... म्हणजे मी ताटात लिहिलं तेव्हा तुला विचारलं नव्हतं. आपल्या घरात तशी पद्धतच नव्हती. तुला परत शकुंतला व्हायचंय का?"

मृदुलानं त्यांच्या पानात भाताचा आणखी एक हात वाढला. "इतक्या वर्षांनी विचारताय?"

"आधी विचारायचं राहिलं, म्हणून मग विचारतोय."

ती हसली. "तुमच्या तोंडी मृदुलाच बरं वाटतं मला. दुसरं नाव घेतलंत तर वाटेल, शेजारच्या कुणाला हाक मारताय. पण देवापुढे संकल्प सोडताना मी शकुंतलाच म्हणते हं. पहिल्या दिवसापासून. तुम्हाला सांगितलं नव्हतं."

"आणि देवानं चालवून घेतलं?"

"त्यानं कधी आडनाव विचारलं नाही."

*

अक्षय्यतृतीयेच्या सकाळी ती नेहमीसारखी उठली. स्नान झालं, पूजा झाली. तांब्याचा कलश तिनं आदल्या दिवशीच चिंच लावून लख्ख घासून ठेवला होता. माठातलं, वाळ्याची मुळी टाकलेलं गार पाणी तिनं त्यात भरलं, वर आंब्याची पानं ठेवली, फडक्यानं तोंड बांधलं. गेलेल्या माणसाच्या नावानं आज पाण्याचा कुंभ द्यायचा असतो. इतकी वर्षं सासूसासऱ्यांच्या, आईवडिलांच्या नावानं ती देत आली होती. यंदा त्यात आणखी एक नाव आलं होतं.

फोन सारखा वाजत होता. वर्तमानपत्रवाले, वाहिन्या, जुने विद्यार्थी. गच्चीवरच्या बागेला पाणी घालणारी शेजारीण तेवढ्यात जिन्यातून ओरडून कुणाला तरी सांगत होती, "अगं, मोगरा अर्ध्या द्वारकेवर आलाय, नळी सोड लवकर!" तिला बातमी सकाळीच कळली असणार, पण बोलली मात्र अशी, की जणू लहानपणापासून हाच शब्द वापरत आली आहे. मृदुला दारात क्षणभर थांबली. लहान अक्षर, तिच्या मनात आलं. झालं, बाई.

तिनं फोन आवाज बंद करून देव्हाऱ्याजवळच्या फळीवर पालथा ठेवला. पिशवीत कर्णिका टाकली, चपला घातल्या.

"अगं, उन्हाची निघालीस," विश्वासराव आतून म्हणाले. "घोटभर पाणी तरी घे."

"अंजिराला घातल्यावर."

"आणि ते तहान नाही म्हणालं तर?"

"तर बसेन जवळ," ती म्हणाली. "लागेपर्यंत."

कलश दोन्ही हातांत धरून, पाणी हिंदकळणार नाही अशा बेतानं, ती एकेक पायरी उतरू लागली.